दोघींचे कागद दोन जागी

दोन मैत्रिणी कुठे निघाल्या की त्यातल्या जास्त नीटनेटक्या मुलीकडे सगळं जातं. तिकिटं तिच्या फोनमध्ये, हॉस्टेलचं बुकिंग तिच्या ईमेलवर, पासपोर्ट तिच्या पाऊचमध्ये. असं कुणी ठरवून करत नाही. एकीला सांभाळायची सवय असते, दुसरीला निर्धास्त वाटतं. परदेशात शिकायला येणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी हल्ली सगळ्यात आधी हेच सांगते, की ही सोय मोडा. सहल दोन दिवसांची का असेना, दुसरी सोबत नसली तरी आपल्या आपण मुक्कामी परत येता येईल, इतकं प्रत्येकीजवळ स्वतःचं असलं पाहिजे.

मी ड्रेस्डेनला मास्टर्स करत होते तेव्हाची गोष्ट. मी सांगलीची, मैत्रीण इस्लामपूरची. एका जिल्ह्यात वाढलो, पण ओळख झाली ती थेट विद्यापीठाच्या खानावळीत, बटाट्याच्या तिसऱ्या प्रकाराकडे हताशपणे बघताना. तिथून पुढे आम्ही एकमेकींच्या घरच्यासारख्या झालो. डिसेंबरच्या सुरुवातीला प्रयोगशाळेतून जेमतेम एक शनिवार-रविवार मोकळा मिळाला आणि आम्ही प्रागला निघालो.

ड्रेस्डेनहून प्राग रेल्वेने साधारण अडीच तासांवर आहे. गाडी एल्बे नदीच्या काठाने जाते, वालुकाश्माचे उंच कडे खिडकीत येतात, बाड शांडाऊ हे जर्मनीतलं शेवटचं मोठं स्टेशन मागे पडतं आणि पुढे डेचिन येतं ते चेकमधलं. मध्ये फाटक नाही, रांग नाही, शिक्का नाही. सांगलीहून बेळगावला जावं तसं आपण दुसऱ्या राज्यात पोचलेलो असतो, पाट्यांवरची भाषा तेवढी बदलते. हे इतकं सहज होतं की आपण देश ओलांडला हे मनावर ठसतच नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो ओलांडलेला असतो. जर्मनीचं रेसिडेन्स परमिट आणि मुदतीतला पासपोर्ट, हे दोन्ही जवळ असेल तरच इतर शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं. दोन्ही म्हणजे दोन्ही. शिवाय चेकच्या सीमेवर जर्मनीने ऑक्टोबर २०२३ पासून पुन्हा तपासणी सुरू केली, आणि १६ सप्टेंबर २०२४ पासून ती सगळ्याच जमिनी सीमांवर लागू झाली. जाताना कुणी विचारत नाही. येताना विचारतात.

हे आम्हाला माहीत होतं, म्हणूनच कागद बरोबर घेतले होते. हॉस्टेलवर नोंदणी करताना पासपोर्ट काढले (परदेशी पाहुण्यांची नोंद ठेवणं तिकडच्या मुक्कामाच्या ठिकाणांना बंधनकारक असतं), आणि परत ठेवताना दोन्ही एकत्र मैत्रिणीच्या पाऊचमध्ये गेले. तिचं परमिटचं कार्ड आणि बँकेचं कार्डही त्याच पाऊचमध्ये होतं. माझं परमिट माझ्या आतल्या खिशातल्या पाकिटात राहिलं, कारण विद्यार्थी ओळखपत्र आणि ते मी नेहमी जोडीने ठेवायचे. त्यामागे शहाणपण काही नव्हतं, पण दोघींच्या पुढच्या कित्येक आठवड्यांतला फरक त्या एका कार्डाने ठरवला.

शनिवारचा दिवस फार छान गेला. मैत्रीण सिव्हिल इंजिनिअरिंगची, त्यामुळे चार्ल्स पुलावर ती पुतळ्यांकडे पाहायच्या आधी कमानींकडे पाहत होती. १३५७ साली सम्राट चौथ्या चार्ल्सच्या काळात बांधायला घेतलेला पूल अजून उभा आहे आणि आपण त्यावरून चालतोय, याचं तिला भारी अप्रूप. तिथून जुन्या चौकात १४१० चं खगोलीय घड्याळ पाहिलं, नाताळच्या बाजारात गरम काहीतरी प्यायलो. डेविट्से भागात रवींद्रनाथांच्या नावाचा ठाकुरोवा हा रस्ता आहे. टागोर १९२१ आणि १९२६ मध्ये प्रागला येऊन गेले होते. तिथपर्यंत मुद्दाम जाऊन पाटीखाली फोटो काढले. प्रागला जाणाऱ्यांनी तो रस्ता चुकवू नये असं मला अजून वाटतं. पर्यटकांची गर्दी नसलेल्या त्या शांत रस्त्यावर आपल्याकडचं नाव वाचताना जीव सुखावतो.

मग किल्ल्याकडे जाणारी २२ नंबरची ट्राम. प्रागमध्ये पर्यटक हटकून जिच्यात बसतात अशी ही ट्राम, आणि खिसेकापूंनाही ते ठाऊक असतं. कडाक्याची थंडी, अंगावर जाड जॅकेटं, पाठीला सॅक, चौफेर माणसं. मुंबईच्या लोकलमध्ये धक्का लागला की आपला हात आपोआप पर्सवर जातो. इथे जॅकेट इतकं जाड असतं की कुणी सॅकची चेन उघडली तरी पाठीला काही कळत नाही. एका थांब्यावर दाराशी दोन-तीन माणसं उगाच घोटाळली, उतरू की नको असं करत राहिली, आणि दार बंद होता होता उतरून गेली. असा दाराशी होणारा घोळ पाहिलात तर तिथल्या तिथे सॅक पोटाशी घ्या. वर किल्ल्यापाशी उतरून मैत्रिणीने पाणी काढायला सॅक पुढे घेतली तेव्हा पुढचा कप्पा उघडा होता.

पहिला अर्धा तास शोधण्यात गेला. सगळ्यांचाच जातो. ट्रामच्या थांब्यावर परत या, बाकाखाली पाहा, कचऱ्याच्या डब्यात डोकवा. डब्यात पाहणं वेडेपणाचं नाही. चोर रोख रक्कम काढून कागद टाकून देतात, असं पुढे पोलिसांनीही सांगितलं. पण बँकेचं कार्ड बंद करायचं काम त्याआधी उरकावं. जर्मन बँकांची बहुतेक कार्डं ११६ ११६ या एकाच क्रमांकावर बंद करता येतात, जर्मनीबाहेरून लावताना आधी +४९. परमिटच्या कार्डाची ऑनलाइन ओळखीची सोयही त्याच क्रमांकावर बंद होते. हा नंबर फोनमध्ये तर असावाच, शिवाय एका चिठ्ठीवरही असावा, कारण थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते. मैत्रिणीचा फोन त्याच संध्याकाळी बंद पडला, आणि परतीची दोघींची तिकिटं त्यातच होती.

हॉस्टेलच्या काउंटरवरच्या मुलीने युंगमानोवो नामेस्ती या चौकातल्या पोलिस ठाण्याचा पत्ता दिला. वेन्सेस्लास चौकापासून ते जवळ आहे, रात्रंदिवस उघडं असतं आणि परदेशी माणसांसाठी तिथे दुभाष्याची सोय होते. दुसऱ्या कुठल्या शहरात असाल तरी अशा वेळी आधी हेच विचारा, की परदेशी लोकांची तक्रार कुठल्या ठाण्यात नीट लिहून घेतात. भलत्या ठाण्यात दोन तास बसून मग तिकडे धाडलं जाण्यापेक्षा हे बरं. पोलिसांचा नंबर तिथे १५८ आहे, आणि युरोपीय संघात कुठेही ११२ लागतो.

पोलिसांनी विचारलं, पासपोर्टचा क्रमांक काय? दोघींनाही सांगता येईना. आमच्या स्कॅन केलेल्या प्रती लॅपटॉपवर होत्या, आणि लॅपटॉप ड्रेस्डेनच्या खोलीत. मैत्रीण म्हणाली, घरी सांगायचं नाही, आई रात्रभर झोपणार नाही. तिचं बरोबर होतं. पण व्हिसाच्या वेळी माझ्या बाबांनी सगळे कागद स्वतःच्या व्हॉट्सॲपवर मागवून घेतले होते, हे मला आठवलं. प्रागमध्ये सात वाजून गेले होते, म्हणजे सांगलीत साडेअकराच्या पुढे. बाबा जागे होते. त्यांनी काही विचारलं नाही. दहा मिनिटांत माझ्या पासपोर्टची पहिली-शेवटची पानं आली. मग त्यांनीच इस्लामपूरला मैत्रिणीच्या वडिलांना फोन लावला आणि तिचेही कागद आले. ती रात्र तिच्या आईने जागून काढली, हे खरं. पण क्रमांकाशिवाय लिहिलेल्या तक्रारीच्या जोरावर नवा पासपोर्ट काढणं फार जड जातं, आणि तो क्रमांक त्या रात्री घरीच होता. घरच्यांना काळजी नको म्हणून आपण त्यांच्यापासून लपवतो, आणि उपयोगी पडू शकणारं एकमेव दार आपल्या हाताने लावून घेतो. आईवडिलांना तेव्हाच्या तेव्हा सांगावं. त्यांनाही नुसतं काळजी करत बसण्यापेक्षा हाताला काम हवं असतं.

अहवाल चेक भाषेत मिळाला. दुभाषी बाईंनी ओळ न ओळ समजावून सांगितली आणि आम्ही क्रमांक अंकाअंकाने ताडून पाहिले. सही करण्याआधी हे करा, एक अंक चुकला तर पुढे सगळीकडे तो चुकीचाच धावतो. हरवलेली प्रत्येक वस्तू वेगळी लिहून घ्या. नुसतं ‘पाऊच’ पुरत नाही. पासपोर्ट, परमिट, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, एकेक.

मग दूतावास. शनिवारी रात्री तो बंद असणार हे उघड होतं, पण अडचणीतल्या भारतीयांसाठी तातडीचा नंबर दूतावासांच्या संकेतस्थळावर असतो, तो आम्ही लावला. तिथे जे कळलं ते मला अनेकांना आवर्जून सांगावंसं वाटतं. पासपोर्ट गेला तर दूतावास ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देतो एवढं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं आणि त्यावर ते निर्धास्त असतात. ते सर्टिफिकेट भारतात परतण्यासाठी असतं, एका बाजूच्या प्रवासापुरतं. ते घेऊन प्रागहून ड्रेस्डेनला, तुमच्या वसतिगृहात, तुमच्या परीक्षेला येता येत नाही. घर भारतात, मुक्काम जर्मनीत आणि कागद हरवले तिसऱ्याच देशात, अशी विद्यार्थ्याची अवस्था झाली की कुठलाच सरळ मार्ग उरत नाही.

रविवारी दुपारच्या गाडीने आम्ही निघालो. बाड शांडाऊला जर्मन पोलिस डब्यात चढले. मी परमिटचं कार्ड, चेक पोलिसांचा अहवाल आणि फोनवरची पासपोर्टची पानं पुढे केली. त्यांनी कार्ड यंत्रावर तपासलं, दोन प्रश्न विचारले आणि परत दिलं. मैत्रिणीजवळ अहवाल आणि फोनवरचे फोटो, इतकंच होतं. तिला खाली उतरायला सांगितलं. मीही उतरले. गाडी निघून गेली.

स्टेशनलगतच्या खोलीत तिला बसवलं. वागणूक सभ्य होती, कुणी आवाज चढवला नाही. परदेशी नागरिकांच्या नोंदवहीत तिचं नाव शोधलं, बोटांचे ठसे जुळवले, विद्यापीठाचं पोर्टल उघडून दाखवायला लावलं. मी बाहेरच्या बाकावर. आत ती एकटी काय उत्तरं देत असेल, घाबरून काही भलतंच बोलत नसेल ना, हाच विचार. बाहेर येताना तिच्या हातात एक कागद होता आणि चेहरा पांढरा पडलेला. तिथून उपनगरी गाडीने आम्ही ड्रेस्डेनला आलो. त्या दिवशी निभावलं म्हणून प्रत्येकाचं तसंच निभावेल असं कुणी धरून चालू नये. नियम पासपोर्ट आणि परमिट, दोन्ही दाखवा असाच आहे. अधिकाऱ्यांना ओळख पटेपर्यंत थांबवून ठेवण्याचा अधिकार आहे, आणि कागद नसताना सीमा ओलांडल्याची चौकशी मागे लागू शकते. कागद गेले असतील तर निघण्याआधी दूतावासाशी बोला, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला ईमेल टाका, आणि परतीची गाडी चुकली तरी चालेल अशी मनाची तयारी ठेवा.

खरा त्रास पुढे सुरू झाला. सॅक्सनी राज्यातल्या भारतीयांचं काम बर्लिनच्या दूतावासाकडे असतं. पोलिस अहवाल, प्रतिज्ञापत्र, जुन्या पासपोर्टच्या प्रती, गावाकडची पोलिस पडताळणी, यात माझेही आठवडे गेले, पण माझ्या हातात परमिटचं कार्ड होतं. कुठेही ओळख दाखवता येत होती, पार्टटाइम काम चालू होतं. मैत्रिणीला नव्या परमिटसाठी आधी नवा पासपोर्ट हवा, आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळायलाच किती दिवस लागतात हे जर्मनीत राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. जिथे काम करायची तिथे परमिट मागितलं. तिच्या बँकेनेही मागितलं. दर वेळी एक तात्पुरता कागद आणि तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून.

माघात तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. विमानाचं तिकीट ऑगस्टमध्येच काढून ठेवलेलं. इमर्जन्सी सर्टिफिकेटवर ती इस्लामपूरला पोचली असती, पण नवा पासपोर्ट आणि परतीचा व्हिसा मिळेपर्यंत तिथेच अडकली असती, आणि इकडे सेमिस्टरच्या परीक्षा होत्या. तिने अक्षता माझ्या खोलीत, लॅपटॉपसमोर बसून टाकल्या. मंगलाष्टकांचा आवाज तुटत होता. पाठवणीच्या वेळी तिने कॅमेरा बंद केला.

त्या काळात ती मला पुन्हा पुन्हा एकच म्हणायची, पाऊच माझ्याकडे होतं. तुझाही पासपोर्ट माझ्यामुळे गेला. मी कितीदा समजावलं, पण ते तिच्या मनातून निघेना. चोरी चोराने केली, ओझं मात्र तिच्या खांद्यावर राहिलं, आणि ते तिथे यायचं एकच कारण की दोघींचं सगळं तिच्या सॅकमध्ये होतं. म्हणून मला वाटतं, कागद वाटून घेणं हे सुरक्षिततेपेक्षाही मैत्रीसाठी जास्त गरजेचं आहे. आपला पासपोर्ट मैत्रिणीकडे देताना आपण तिच्यावर विश्वास टाकतो असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण तिला एका जबाबदारीत बांधत असतो, आणि ती तिने मागितलेली नसते.

आता मी स्वतः काय करते ते सांगते. पासपोर्ट आतल्या, चेन असलेल्या खिशात, अंगावर. परमिट दुसऱ्या जागी. हॉस्टेलमध्ये कुलपाचं कपाट असेल तर दिवसा दोन्हींपैकी एक तिथे राहतं. बँकेची दोन कार्डं असतील तर एक पाकिटात, एक सामानात, आणि थोडे युरो बुटाच्या तळाशी नाहीतर चष्म्याच्या घरात. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला मिळणाऱ्या ९९२ युरोंत सगळं भागवायचं असतं. एक दंड किंवा एक जादा रात्र सगळा हिशोब बिघडवते. परतीचं तिकीट दोघांच्याही फोनमध्ये आणि शक्य तर कागदावर. मुक्कामाचा पत्ता, सोबतच्या व्यक्तीचा नंबर आणि घरचा एक नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते गाडीतून उतरतानाच ठरवावं. अमुक चौकात असं ठरवू नका. अमुक दुकानाच्या दारात, असं ठरवा. चौक फार मोठे असतात.

प्रागपुरतं बोलायचं तर, तिकडे चलन कोरुना आहे. ‘कमिशन नाही’ अशी पाटी लावून भाव पाडणारी पैसे बदलायची दुकानं पर्यटकांच्या रस्त्यांवर असतात. १ एप्रिल २०१९ पासून तिथे कायदा आहे की १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. पावती टाकू नका. एटीएम ‘युरोत हिशोब करू का’ असं विचारेल तेव्हा नाही म्हणा आणि स्थानिक चलनच निवडा. ट्राम-मेट्रोचं कागदी तिकीट घेतल्यावर पिवळ्या यंत्रात शिक्का मारून घ्या. मेट्रोला फाटक नाही, त्यामुळे विसरायला होतं, आणि शिक्का नसलेलं तिकीट तपासनीसाच्या लेखी नसल्यासारखंच. सरकारी आरोग्य विमा असेल तर जर्मन विमा कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य कार्ड असतं आणि ते चेकमध्ये चालतं. खाजगी विमा असलेल्यांनी आपल्या कंपनीला आधी विचारून घ्यावं. परमिटची मुदत संपत आली असेल आणि हातात नूतनीकरणाचा तात्पुरता कागद असेल तर सीमेपलीकडे जाण्याआधी कार्यालयाला लेखी विचारा. मित्र काय म्हणतो त्यावर जाऊ नका.

हे सगळं वाचून कुणी जाणंच सोडलं तर मला वाईट वाटेल. प्रयोगशाळा, वसतिगृह आणि स्वस्त किराणा दुकान यांच्या फेऱ्यांत ही दोन-तीन वर्षं अशीच निघून जातात, आणि अडीच तासांवर असलेली शहरं पाहायची राहतात. जरूर जा, मैत्रिणीबरोबर जा. या शनिवारी कुणी निघत असाल तर आज रात्री पासपोर्टची पानं आणि परमिटच्या दोन्ही बाजू यांचे फोटो घरी पाठवा, ते कशासाठी ठेवायचे हे आईबाबांना फोन करून सांगा, आणि मैत्रिणीच्या सॅकमध्ये तुमचं काही असेल तर ते काढून स्वतःजवळ घ्या.